नाळ कापल्यानंतरचे दोन तास

आईला गरोदरपणात मधुमेह असेल, तर जन्मानंतर तासा-दोन तासांतच बाळाच्या टाचेला सुई टोचून त्याच्या रक्तातील साखर तपासली जाते आणि अनेकदा ती कमी भरते. घरच्यांना याचे कोडे पडते, कारण आईची साखर तर वाढलेली होती. मग बाळाची कमी कशी झाली? हे समजून घ्यायचे, तर गर्भाशयात असतानाच बाळाच्या शरीरात कोणती संप्रेरके किती तयार होत होती, हे पाहावे लागते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बाळाला पुरेशी साखर मिळावी यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. आईचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्या स्त्रीला ते जमत नाही, तिची साखर वाढते. वार ही साखर सहज पलीकडे जाऊ देते, पण आईचे इन्सुलिन मात्र अडवते. त्यामुळे आलेल्या साखरेची विल्हेवाट लावण्याचे काम बाळाच्या चिमुकल्या स्वादुपिंडावर पडते आणि ते स्वतःचे इन्सुलिन भरपूर प्रमाणात तयार करू लागते. डेन्मार्कमधील वैद्य यॉर्गेन पेडरसन यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा विचार आजही या विषयाचा पाया आहे.

गर्भावस्थेत इन्सुलिन हे वाढीचे संप्रेरक म्हणूनही काम करते. ते जास्त झाले की चरबी साठते, यकृतात साखरेचा साठा भरतो आणि बाळ गुटगुटीत दिसू लागते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात थांबते, पण वाढीव इन्सुलिन तयार करायला सरावलेले बाळाचे स्वादुपिंड त्याच क्षणी थांबत नाही. एरवी जन्मानंतर इन्सुलिन उतरते, साखर वाढवणारी ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके चढतात, यकृतातील साखर मोकळी होते आणि चरबीपासून मेंदूला चालेल असे पर्यायी इंधनही बनते. मधुमेही आईच्या बाळात ग्लुकागॉनची ही उसळी मंद असते, आणि चढे इन्सुलिन यकृतातील साठा व चरबी या दोन्हींना कुलूप लावून ठेवते. म्हणजे कोठार भरलेले असूनही मेंदू उपाशी राहण्याचा धोका असतो. म्हणूनच पहिल्या तासाभरात आईचा चीक पाजणे, गरज पडल्यास गालाच्या आतल्या बाजूला ग्लुकोजची जेल चोळणे आणि तरीही साखर सावरली नाही, तर शिरेतून ग्लुकोज देणे, अशी उपचारांची पद्धत आहे. (साखर कमी आहे म्हणून मध चाटवणे मात्र धोक्याचे आहे, एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये.)

बाळाने पोटात किती इन्सुलिन तयार केले, हे नाळेतील रक्तावरून कळते. तेथे सहसा इन्सुलिनऐवजी सी-पेप्टाइड मोजतात. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर त्याचा एक रेणू तयार होतो आणि रक्ताच्या नमुन्यात तो अधिक टिकतो. नऊ देशांतील सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशीपोटी सर्वांत कमी साखर असलेल्या गटात ३.७ टक्के बाळांचे सी-पेप्टाइड फार चढे होते, तर सर्वांत जास्त साखर असलेल्या गटात हे प्रमाण ३२.४ टक्के होते. मला यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की या दोन टोकांच्या मध्ये कोठेही पायरी आढळली नाही. आईची साखर जशी वाढत गेली, तसे बाळाचे इन्सुलिनही वाढत गेले.

इन्सुलिनच्या जोडीने इतर संप्रेरकांचाही तोल बदलतो. चरबीच्या पेशींतून, आणि गरोदरपणात वारेतूनही, स्रवणारे लेप्टिन या बाळांच्या नाळेतील रक्तात सहसा जास्त आढळते. शरीराला इन्सुलिनची साथ देणारे ॲडिपोनेक्टिन अनेक अभ्यासांत कमी आढळले आहे, मात्र सर्वच अभ्यासांत नाही.

येथे पुण्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील बाळांची इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली. आपली बाळे वजनाने बरीच हलकी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. आणि वजन लक्षात घेऊन पाहिले, तर नाळेतील रक्तात इन्सुलिनही जास्त होते. या मातांना मधुमेह होता म्हणून असे घडले, असे नाही. हे सर्वसाधारण बाळांचेच चित्र होते. अशा शरीरयष्टीच्या बाळावर आईच्या वाढीव साखरेचा भार पडतो, तेव्हा जन्माचे वजन तीन किलोच्या आसपास असले, तरी निश्चिंत होता येत नाही. चार किलोचे बाळ सर्वांच्या नजरेत भरते, परंतु बेताच्या वजनाच्या बाळातील चढे इन्सुलिन वजनकाट्याला दिसत नाही.

पुढील आयुष्यावर याचा परिणाम होतो की हा केवळ आनुवंशिकतेचा भाग आहे, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील ॲरिझोनामधील पिमा आदिवासींच्या कुटुंबांत त्यासाठी सख्खी भावंडेच तपासली गेली. आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मलेल्या भावंडांपेक्षा त्यानंतर जन्मलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त होती, आणि वडिलांच्या मधुमेहाबाबत असा फरक दिसला नाही. आईवडील तेच, घर तेच. बदलले होते ते गर्भाशयातील वातावरण.

उपचारांचा उपयोग होतो, याविषयी संशय नाही. सौम्य मधुमेहावरील उपचारांचा एक अमेरिकी प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार किलोपेक्षा जड बाळांचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आले आणि बाळांची चरबीही घटली, पण सी-पेप्टाइडमध्ये ठळक फरक पडला नाही. गेर्नोट देसोये आणि ख्रिस्तोफर नोलन यांनी २०१६ मध्ये मांडलेली कल्पना येथे उपयोगी पडते. गर्भाचे स्वादुपिंड एकदा जास्त इन्सुलिन तयार करू लागले, की बाळाच्या रक्तातील साखर भराभर वापरली जाते, आई आणि बाळ यांच्या साखरेच्या पातळीतील फरक वाढतो आणि आईची साखर ताब्यात आल्यावरही बाळ तिच्याकडून अधिक साखर ओढत राहते. त्यामुळे उपचार केव्हा सुरू होतात, हे ते किती कडक आहेत याइतकेच महत्त्वाचे ठरते.

भारतात केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी दोनदा करायची असते: गरोदर स्त्री प्रथम तपासणीला येते तेव्हा, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढाकार घेऊन रूढ केलेल्या या पद्धतीत उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्तातील साखर डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त भरली, तर गरोदरपणातील मधुमेहाचे निदान होते. सकाळी न्याहारी करून, एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलेल्या बाईची तपासणीही त्याच दिवशी, त्याच फेरीत होऊ शकते.