व्हॅरम पर्सी

व्हॅरम पर्सी हे इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधलं एक बेचिराख गाव. बेचिराख हा शब्द आपल्या महसुली दप्तरातला, म्हणजे कागदावर नाव आहे, शीव आहे, पण दिवा लावायला माणूस नाही असं गाव, आणि इथे तो इतका चपखल बसतो की दुसरा शोधायची गरजच नाही. यॉर्कशायर वोल्ड्स नावाच्या खडूच्या दगडाच्या टेकड्या आहेत, त्यांच्या पश्चिमेच्या कडेला, माल्टन या बाजारगावापासून दहाएक किलोमीटरवर एका खोलगट दरीच्या अंगाला हे वसलेलं होतं. इंग्लंडमध्ये मध्ययुगात ओस पडलेली अशी गावं तीनेक हजार तरी मोजली गेलीत, त्यातलं सगळ्यात जास्त खणलेलं आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेलं हेच.

आज हा भाग व्हॅरम नावाच्या पॅरिशमध्ये येतो. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, आता तोच शब्द ग्रामपंचायतीसारख्या सगळ्यात खालच्या घटकालाही वापरतात. मध्ययुगात व्हॅरम पर्सीची पॅरिश मोठी होती, थिक्सेंडेल, रेस्थॉर्प, बर्डेल, टोथॉर्प आणि स्वतः व्हॅरम पर्सी अशा पाच वस्त्यांचं मिळून एकच चर्च, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे गाव गेलं तरी चर्च का टिकलं याचं उत्तर यातच आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याची बहुतेक निराशा होते हे आधीच सांगून टाकलेलं बरं. समोर काय दिसतं, तर गवताळ उतार, त्यावर उंचवटे, खळगे, आणि खाली दरीत बिनछपराचं चर्च, बस. पण हिवाळ्यात ऊन तिरपं पडलं की तेच उंचवटे एकदम बोलायला लागतात. घरांची जोती दिसतात, प्रत्येक घरामागचं लांबट परसू दिसतं, मधून गेलेला खोलगट रस्ता दिसतो, दोन ठिकाणी जमीनदारांच्या वाड्यांच्या जागा ओळखू येतात आणि शेतांमध्ये नांगराने पडलेल्या उंच-सखल पट्ट्यांच्या रेघासुद्धा. शेतकऱ्यांची घरं चाळीसच्या आसपास होती आणि ती ओळीत, मापात बसवलेली, म्हणजे कुणीतरी कधीतरी गावठाण आखून दिलं होतं. चर्चच्या खालच्या अंगाला झऱ्यावर बांध घालून केलेलं तळंही आहे, आधी त्यावर पाणचक्की चालायची, नंतर त्यात मासे पाळले.

वस्ती मात्र मध्ययुगाच्या कितीतरी आधीची. लोहयुगातले आणि रोमन काळातले अवशेष इथे सापडलेत, नंतर अँग्लो-सॅक्सन लोक राहिले. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करून घेतलेल्या त्या प्रसिद्ध पाहणीत, व्हॅरमची नोंद आहे. नावातलं पर्सी हे जमीनदार घराण्याचं, शेजारच्या व्हॅरम-ल-स्ट्रीटपासून वेगळं ओळखता यावं म्हणून ते जोडलेलं. त्या शेजारच्या गावात माणसं अजून राहतात आणि तिथल्या सेंट मेरी चर्चचा जुना बुरुज सॅक्सन आणि नॉर्मन काळाच्या उंबरठ्यावरचा आहे, त्याची घडण थेट स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सेंट रूल चर्चशी जुळते असं वास्तुअभ्यासक म्हणतात, तेव्हा तिकडे गेलात तर तोही बघून या.

खणायला सुरुवात केली लीड्स विद्यापीठातल्या मॉरिस बेरेसफर्ड यांनी. हे गृहस्थ पुरातत्त्वज्ञ नव्हतेच, आर्थिक इतिहासाचे अभ्यासक, जुने नकाशे आणि करांच्या याद्या चाळता चाळता हरवलेल्या गावांच्या मागे लागले, १९४८ मध्ये इथे आले आणि १९५० मध्ये कुदळ मारली. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट येऊन मिळाले, ते मात्र खरे पुरातत्त्ववाले, आणि मग १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात ही मंडळी इथे ठाण मांडून बसायची. तोवर मध्ययुगीन म्हटलं की किल्ले आणि मठ, कुळवाड्याच्या झोपडीला कोण विचारतो, अशी एकंदर रीत होती. हर्स्टनी डेन्मार्कमधली पद्धत आणली, छोटे छोटे चर खणण्याऐवजी अख्ख्या घराचा भाग एकदम थराथराने उघडायचा आणि प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते नोंदवायचं. ही पद्धत नंतर सगळीकडे रुळली. एका साध्या घराच्या खाली तर त्यांना १२ व्या शतकातल्या वाड्याचं दगडी तळघर मिळालं, म्हणजे जमीनदाराची जागा मोडून तिथे कुळांची घरं उठली होती!

घरं लांबट, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, तळाला खडूच्या दगडाची भिंत. आधी असं मानलं गेलं की ही घरं कच्ची, प्रत्येक पिढीला नव्याने बांधावी लागत असणार. पुढे स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञांनी हे मोडून काढलं, त्यांचं म्हणणं असं की छपराचं वजन भिंतींवर नव्हतंच, ते वाकड्या जाड लाकडांच्या जोड्यांवर होतं, भिंती पडल्या-लिंपल्या तरी सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहायचा. मला हे पटतं, आपल्याकडच्या खणांच्या घरात राहिलेल्या कुणालाही पटेल.

आता गाव उठलं कसं. विचारलं की लोक पटकन प्लेग म्हणतात, आणि ते चूक आहे. १३४८-४९ च्या साथीने माणसं गेली हे खरं, पण त्यानंतर वीसेक वर्षांनीही इथे तीसेक घरं नांदती होती. गावाला खरं संपवलं ते मेंढरांनी. लोकर महाग, मजूर महाग, मग नांगरट बंद करून सगळी जमीन कुरणाला सोडणं मालकाच्या फायद्याचं. १५ व्या शतकात मालकी पर्सींकडून हिल्टन घराण्याकडे गेलेली होती, घरं कमी कमी होत गेली आणि १५०० च्या आसपास उरलेल्या चार कुटुंबांनाही बेदखल केलं. १५१७ च्या सरकारी चौकशीत चार नांगर थांबले, चार घरं पडली एवढीच नोंद आहे.

चर्च मात्र चालू राहिलं, कारण पॅरिशमधल्या बाकी वस्त्यांना तेच होतं. सेंट मार्टिन हे नाव. सुरुवात बहुधा १० व्या शतकातल्या छोट्या लाकडी चर्चपासून, मग दगडी झालं, माणसं वाढली तशा दोन्ही अंगांना पडव्या निघाल्या आणि माणसं घटली तशा त्या पाडून कमानी बुजवल्या, त्या बुजवलेल्या कमानी भिंतीत आजही दिसतात. गावाचा चढउतार बघायचा तर या एका भिंतीपुढे उभं राहावं. थिक्सेंडेलला १८७० च्या सुमारास स्वतःचं चर्च झालं तेव्हा इथली गर्दी आटली, शेवटची प्रार्थना १९४९ मध्ये झाली आणि १९५९ च्या वादळात बुरुजाचा अर्धा भाग खाली आला.

चर्चच्या आवारातून आणि आतून जवळपास ६८७ सांगाडे काढले गेले, आणि साध्या खेड्यातल्या मध्ययुगीन माणसांचा इतका मोठा संच क्वचितच कुठे असेल. हाडांच्या रासायनिक तपासणीवरून कळलं की पोरं साधारण दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत, पण पुढे त्यांची वाढ आजच्या मुलांपेक्षा बरीच मागे पडायची.

आणि एक प्रकरण अंगावर काटा आणणारं. स्मशानात नव्हे तर घरांच्या मधल्या खड्ड्यांत १३७ हाडं मिळाली होती, किमान १० माणसांची, ११ ते १४ व्या शतकातली. २०१७ मध्ये हाडांचे अभ्यासक सायमन मेज आणि साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास छापला, हाडांवर सुरीचे वार, जाळल्याच्या खुणा, मुद्दाम मोडल्याच्या खुणा. दुष्काळात माणूस खाल्ला असेल का हेही तपासलं, पण वार बरेचसे डोक्या-मानेकडे आहेत, मांस काढायला माणूस तिथे कापत नाही. बाहेरची माणसं मारली म्हणावं तर दातांवरून ती आसपासचीच निघाली. त्यामुळे मेलेला माणूस उठून गावात फिरू नये म्हणून प्रेताचे तुकडे करून जाळायचे, या समजुतीचा हा पुरावा असावा असं त्यांचं मत, आणि तशा उठणाऱ्या प्रेतांच्या कथा त्या काळच्या इंग्रज पाद्र्यांनी लिहूनही ठेवल्यात.

सध्या जागा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे, तिकीट नाही, गाडी वर लावून साधारण सव्वा किलोमीटर चालत उतरावं लागतं, पावसात वाट चांगलीच चिकट होते. चर्चजवळ १९ व्या शतकातली शेतमजुरांची घरं उभी आहेत, खणणाऱ्यांचा मुक्काम तिथेच असायचा. दरीतून माल्टन ते ड्रिफिल्ड रेल्वेही जायची, १८५३ मध्ये सुरू होऊन १९५८ मध्ये बंद पडलेली, तिचा रिकामा भराव चर्चच्या जवळच दिसतो.