परम ब्रह्मासारख्या मशिनवर सीपीयू टाइम कसा मागायचा: पात्रता, कागदपत्रं आणि रांगेचं गणित

पहिल्या वर्षाच्या पीएचडीवाल्यांना सुपरकॉम्प्युटरचं अकाउंट कसं काढायचं हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितेय. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन 2015 ला सुरू झालं आणि त्यातून देशभर परम मशिन्स बसली, आपल्या पुण्यात आयसरला (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) परम ब्रह्मा आहे, 2024 ला जीएमआरटीसाठी (पुण्याजवळची रेडिओ दुर्बीण) परम रुद्र आलं.

अर्ज सहसा गाइडच्या प्रोजेक्टखाली जातो, विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर नाही. प्रत्येक ठिकाणचा फॉर्म वेगळा, पण साधारण लागतं ते असं: संस्थेचं ओळखपत्र, संस्थेचाच ईमेल आयडी, गाइड आणि एचओडीची सही, कामाची थोडक्यात माहिती आणि कुठली सॉफ्टवेअर्स वापरणार त्यांची नावं. व्हॅस्पसारखं (पदार्थांच्या अणुपातळीवरच्या गणितांचं सॉफ्टवेअर) लायसन्सवालं काही असेल तर तुमच्या ग्रुपकडे लायसन्स आहे याचा पुरावा आधीच जोडा, नाहीतर फाइल तिथेच अडकते.

आता खरा मुद्दा, कोर-अवर्सचा रकाना, म्हणजे किती कोर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) गुणिले किती तास. इथे लोक अंदाजाने मोठा आकडा टाकतात आणि मग कमिटी विचारते की हा आला कुठून. हिशोब सोपा आहे, ब्रह्माच्या एका नोडवर (सुपरकॉम्प्युटरमधला एक सुटा कॉम्प्युटर) 48 कोर, एक रन 10 तासांचा, असे 50 रन, म्हणजे 24,000 कोर-अवर्स. आधी लॅबमधल्या मशिनवर छोटा रन करून वेळ मोजा आणि तो आकडा अर्जात लिहा, मग कोणी प्रश्न विचारत नाही.

अकाउंट मिळालं म्हणजे लगेच सीपीयू मिळाला असं नसतं, कारण वाटप स्लर्म नावाचा शेड्युलर (रांग लावणारं सॉफ्टवेअर) करतो आणि तो पॉलिसीने चालतो. कोणी किती कोर एकावेळी घ्यायचे, एक जॉब (रांगेत टाकलेलं एक काम) जास्तीत जास्त किती तास चालणार, हे ॲडमिनने ठरवलेलं असतं. त्यात फेअरशेअर (सगळ्यांना न्याय्य वाटा देण्याचा नियम) असेल तर ज्याने नुकताच भरपूर वापर केला त्याची प्रायॉरिटी खाली जाते, पण कायमची नाही, जुना वापर हळूहळू विसरला जातो (स्लर्मच्या मूळ सेटिंगमध्ये 7 दिवसांत त्याचं वजन निम्मं होतं). त्यामुळे आठवडाभर दणकून जॉब टाकून मग रांगेत उभं राहावं लागलं तर ॲडमिनवर चिडू नका.

वॉलटाइम (जॉबला घड्याळाप्रमाणे किती वेळ हवा ते) मागताना लोक भीतीने कमाल मर्यादा टाकून मोकळे होतात, तेही चुकीचंच. 6 तासांचं काम असेल तर 8 मागा, बॅकफिल चालू असेल तर मोठ्या जॉबसाठी राखून ठेवलेल्या नोडवर मधल्या रिकाम्या वेळेत शेड्युलर असे छोटे जॉब बसवतो आणि तुमचा नंबर आधी लागतो. पण फारच कमीही मागू नका, वेळ संपली की जॉब मारला जातो, चेकपॉइंट (मध्येच सेव्ह केलेली स्थिती, जिथून पुढे चालू करता येतं) नसेल तर सगळं पाण्यात. आणि लॉगिन नोडवर (जिथे लॉगिन करून आपण जॉब टाकतो) थेट रन कधीच लावू नका, तिथे सगळेच बसलेले असतात.

पेपर छापताना मिशनचे आणि मशिनचे आभार मानायची अट असते, ते वाक्य फॉर्म भरतानाच कॉपी करून ठेवा.