हौद, धोटा आणि रात्रपाळी : पुण्यातील कामाच्या जागेवरील विविधतेची पार्श्वभूमी

पुण्यातल्या मोठ्या कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच ‘डायव्हर्सिटी’ या विषयावरच्या एका सत्राला बसावे लागते. लिंग, वय, प्रांत, भाषा, अपंगत्व, लैंगिक कल यांविषयी त्यात सांगितले जाते, शेवटी छोटीशी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. अशा सत्रांना मी बसलो आहे आणि पुढे स्वतः घेतलीही आहेत. त्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी होते, की हा विषय परदेशातल्या मुख्यालयाने पाठवलेला आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. शब्द आणि त्याची चौकट अमेरिकेतून आली, यात शंका नाही. परंतु निरनिराळ्या जातींच्या, धर्मांच्या आणि भाषांच्या माणसांनी एका छपराखाली काम कसे करायचे, हा प्रश्न या शहराला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. त्या इतिहासाकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : पाणी, जेवण, शौचालय, पाळी आणि घरी सोडणारी गाडी यांची व्यवस्था बदलली, तेव्हा माणसांचे वागणे बदलले. निव्वळ उपदेशाने फारसे काही हलले नाही.

जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो. तिच्याकडे कामाच्या जागेच्या दृष्टीनेही पाहता येते, कारण फुले स्वतः बांधकामाच्या व्यवसायात होते आणि मजुरांचे जगणे त्यांनी जवळून पाहिले होते. उन्हात राबणाऱ्या माणसाला पाणी कोठे आणि कोणाच्या हातून मिळते, यावर त्याचे त्या कामावरचे स्थान ठरते. फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. जातीजातींत विभागलेल्या कामगारांनी एकत्र येऊन एक मागणी करणे, हेच त्या काळात नवे होते.

मात्र एकत्र मागणी करणारे कामगार एकत्र काम करतच होते, असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील विणाई खात्याची हकिकत मला या संपूर्ण इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. मागावर धोट्यातली (आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातली) दोरा गुंडाळलेली कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या दोऱ्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि त्यासाठी विणकर धोट्याला तोंड लावून दोरा ओढून घेत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. दलित कामगाराने तोंड लावलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते, आणि एवढ्या कारणावरून अधिक मजुरीचे विणाई खाते दलितांना बंद राहिले. त्यांना सूतकताईच्या कमी मजुरीच्या खात्यांत काम मिळे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या मागण्यांत आणण्याचा आग्रह धरला. तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात उपलब्ध होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कामाची एक साधी रीत, तिच्याभोवतीची विटाळाची कल्पना आणि महिन्याअखेरचा पगार या तिन्हींची गाठ किती पक्की असते, हे शिकवायला माझ्या माहितीत यापेक्षा चांगले उदाहरण नाही. तरीही आपल्याकडच्या प्रशिक्षणांत बहुधा परदेशातली उदाहरणे दिली जातात, याचे वाईट वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत पुण्याची वाट थोडी वेगळी होती. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन या स्त्रियांच्या संस्थेचे काम सुरू झाले आणि तेथील मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. मध्यमवर्गीय घरातल्या, त्यांतही विधवा मुलीने परक्या माणसांची शुश्रूषा करायची आणि त्यासाठी रात्री बाहेर राहायचे, हे तेव्हाच्या पुण्याला पचणारे नव्हते. संस्थेने राहण्याची सोय केली आणि घरच्यांना भरवसा दिला, म्हणून ते घडू शकले.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी कायद्याकडे आली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांसाठी वेगळी शौचालये आणि ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. ही संख्या आधी ५० होती, १९७६ मध्ये ती ३० झाली. त्याच कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम मात्र दुहेरी झाला, कारण तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला रात्रपाळी करू न शकणारा कामगार नकोसा वाटू लागला, आणि पाळणाघराचा खर्च टाळायचा तर बायका कमी घ्याव्यात, असा हिशेबही होऊ लागला. ‘आमच्याकडे लेडीज टॉयलेट नाही’ हे कारण भोसरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत मी स्वतः ऐकले आहे. सांगणाऱ्याला ते कारण अगदी पुरेसे वाटत होते.

१९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दशकभरात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा बदलून गेला. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा येथून तरुण येत गेले. पुष्कळ ठिकाणी भरती ओळखीने होई. गाववाला गाववाल्याला लावून देई, त्यामुळे एखाद्या खात्यात एकाच तालुक्याची माणसे दिसत. सरकारी आणि खासगी कारखान्यांत येथे एक महत्त्वाचा फरक पडला. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या. राज्यघटनेने तो विचार देशभराच्या सरकारी नोकऱ्यांत आणला. त्यामुळे खडकी आणि देहूरोडचे संरक्षण खात्याचे कारखाने किंवा पिंपरीची सरकारी कंपनी येथे राखीव जागांचा हिशेब बिंदुनामावलीने, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे क्रमवार ठरवणाऱ्या तक्त्याने ठेवला जाई, आणि कुंपणापलीकडच्या खासगी कारखान्यात असा कोणताही हिशेब नसे. खासगी क्षेत्राला आपल्याकडे कोण आहे आणि कोण नाही, हे मोजण्याची सवय लागली नाही, त्याचे मूळ येथे आहे.

१९७४ ची घटना पुष्कळांना माहीत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, नोकरीची जाहिरात वाचली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे तीत म्हटले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले, पुण्यात त्यांची मुलाखत झाली आणि त्यांना नोकरी मिळाली. ही गोष्ट एका मुलीच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि ते धाडस होतेच. परंतु ती जाहिरात छापण्यात त्या वेळी कोणालाही काही वावगे वाटले नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. समान कामाला समान वेतन देण्याचा आणि भरतीत स्त्रियांना डावलू नये असे सांगणारा कायदा १९७६ मध्ये झाला. पुढे त्याच कंपनीच्या पुण्यातील प्रकल्पात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांची जुळणी करणारी एक मार्गिका पूर्णपणे महिलांकडे आली.

अमेरिकेतला प्रवाह याच काळात समांतर चालला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये सरकारी कंत्राटदारांना वंशभेद न करता नोकऱ्या देण्यासाठी सकारात्मक पावले उचलण्याचा आदेश दिला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज खटल्यात असे ठरवले, की दिसायला सर्वांना सारखी असलेली अटसुद्धा कामाशी संबंध नसताना एखाद्या समूहाला बाहेर ठेवत असेल तर ती बेकायदा आहे. या निकालाचा अर्थ इथल्या भरतीला लावून पाहण्यासारखा आहे, कारण ‘अस्खलित इंग्रजी’ ही अट आपण किती सहज लिहितो. १९८७ च्या हडसन इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या अहवालाने अमेरिकी कामगारवर्गाची घडण झपाट्याने बदलणार असल्याचे सांगितले, आणि १९९० च्या सुमारास अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ रूझवेल्ट थॉमस यांनी ‘विविधतेचे व्यवस्थापन’ ही मांडणी पुढे आणली. निरनिराळी माणसे आत घेणे पुरेसे नाही. आत आल्यावर त्यांना पूर्ण ताकदीने काम करता येईल अशी संस्था घडवणे हे व्यवस्थापकाचे काम आहे, असा तिचा गाभा होता. या मांडणीने विषय कायद्याच्या कचेरीतून व्यवस्थापकाच्या टेबलावर आला. त्यात एक धोकाही होता : अन्यायाची भाषा मागे पडून नफ्याची भाषा पुढे आली.

पुण्यात हे सारे संगणक उद्योगाबरोबर पोहोचले. १९८१ मध्ये इन्फोसिसची नोंदणी पुण्यातच झाली होती, तरी शहराचे रूप पालटले ते नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे देशभरातून मुले-मुली येऊ लागल्यावर. जर्मन आणि जपानी ग्राहकांमुळे रानडे इन्स्टिट्यूटमधल्या भाषावर्गांनाही मागणी आली, आणि परदेशी माणसाशी कसे वागावे याचे धडे सुरू झाले. शेजारच्या खुर्चीवरच्या मणिपुरी किंवा तमिळ सहकाऱ्याशी कसे वागावे, हे मात्र कोणी शिकवत नव्हते. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. सहा जणांची बैठक इंग्रजीत सुरू झाली, अवघड मुद्दा आला तशी हिंदीत गेली, आणि निर्णयाच्या वेळी चौघे मराठीत बोलू लागले. उरलेले दोघे वहीत काहीतरी लिहीत बसले. कोणाच्याही मनात दुजाभाव नव्हता. पुढच्या बैठकीपासून निर्णय फळ्यावर इंग्रजीत लिहायचा आणि लिहिल्याशिवाय उठायचे नाही, असा नियम त्या गटप्रमुख बाईंनी केला. महिन्याभरात त्या दोघांचे प्रश्न येऊ लागले.

रात्रीच्या कामाचा प्रश्न या उद्योगाने नव्याने उभा केला. २००७ आणि २००९ मध्ये पुण्यात कामावर जाणाऱ्या आणि कामावरून परतणाऱ्या दोन तरुणींच्या हत्या झाल्या, दोन्ही वेळा वाहनाचा चालक गुन्ह्यात होता, आणि सारे शहर हादरले. चालकांची पडताळणी, गाडीत सुरक्षारक्षक, मुलीला सर्वांत शेवटी सोडायचे नाही, हे नियम त्यानंतर कडक झाले. कामाच्या जागेवरील लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निकालातील मार्गदर्शक तत्त्वांना २०१३ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची झाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, २०१८ मध्ये कलम ३७७ खालून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले गेले, २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. ज्यांना दारातून हाकलले जाई, त्यांच्याच हाती दार सोपवले गेले, याचे मोल मला फार वाटते.

या सगळ्यात जात कोठे राहिली, हे विचारलेच पाहिजे. २००६ मध्ये खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा उद्योगांच्या शिखर संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्यांची काही कामे त्यातून झाली. परंतु अमेरिकेतून आलेल्या चौकटीत जातीला जागा नव्हती आणि इथल्या व्यवस्थापनाने ती तयार केली नाही. कॅन्टीनमध्ये मात्र ‘पूर्ण नाव काय?’, ‘गाव कुठलं?’, ‘आडनाव असं कसं?’ हे प्रश्न डबा उघडता उघडता विचारले जातात, आणि उत्तर देणाऱ्याला ते कशासाठी आहेत हे कळते.

भांडवली बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेने, ठरवलेल्या नमुन्यात सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. कर्मचाऱ्यांची मोजदाद त्यात स्त्री-पुरुष, अपंग, कायम आणि कायम नसलेले अशी करावी लागते. दारावरचा रक्षक आणि मजला पुसणारी बाई कंत्राटाची असली तरी निदान त्या रकान्यात येऊ शकतात. कर्मचाऱ्यांच्या त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही.