रसायनांच्या जलीय विषाक्ततेचे मूल्यमापन

औद्योगिक रसायन पाण्यात मिसळल्यास तेथील सजीवांना ते किती संहतीला (पाण्यातील प्रमाणाला), किती काळात आणि कशा प्रकारे अपाय करते हे ठरविण्याच्या पद्धतीला जलीय विषाक्ततेचे मूल्यमापन म्हणतात. अन्नसाखळीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून शैवल, डॅफ्निया हा सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि मासा यांची निवड केली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या प्रमाणित पद्धतींनुसार शैवलाची वाढ ७२ तास मोजतात, डॅफ्नियाची हालचाल थांबते का हे ४८ तास पाहतात आणि माशांचे मृत्यू ९६ तास नोंदवितात. निम्मे मासे ज्या संहतीला मरतात तिला एलसी५० म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके रसायन अधिक विषारी. तो लिटरमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास जागतिक वर्गीकरण प्रणालीत ते रसायन तीव्र धोक्याच्या पहिल्या वर्गात जाते.

हा आकडा मात्र रसायनाइतकाच पाण्यावरही अवलंबून असतो. अमोनियाचे आयनरहित, म्हणजे विद्युतभार नसलेले रूप माशांना अधिक घातक असून पाण्याचा सामू व तापमान वाढले की त्याचा वाटा वाढतो. उलट कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेल्या पाण्यात तांब्यासारख्या धातूंची विषाक्तता बहुधा कमी होते. काही रसायने हवेत उडून जातात किंवा काचेला चिकटतात. म्हणून पाण्यात किती टाकले यावर न विसंबता चाचणीच्या काळात प्रत्यक्ष किती उरले हे मोजणे अत्यावश्यक आहे, अन्यथा घातक रसायनही सौम्य भासते.

अल्पकालीन चाचणीत जीव तगला, तरी त्याचे प्रजनन अबाधित राहिले असे सिद्ध होत नाही. त्यासाठी डॅफ्नियाची पिले २१ दिवस मोजणारी चाचणी आहे. जहाजांच्या रंगातील ट्रायब्युटिलटिन या संयुगाने या प्रश्नाचे गांभीर्य दाखवून दिले: लिटरमागे सुमारे १ नॅनोग्रॅम इतक्या अल्प संहतीलाही काही सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये वाढू लागली. या रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००१ मध्ये झाला व २००८ मध्ये अमलात आला.

प्रयोगशाळेतील मोजक्या जातींवरून संपूर्ण परिसंस्थेचा अंदाज बांधावयाचा असल्याने, केवळ तीव्र, म्हणजे अल्पकालीन चाचण्या उपलब्ध असताना त्यांतील सर्वांत लहान आकड्याला सामान्यतः १,००० ने भागून गोड्या पाण्यातील निर्धोक संहती काढतात. हा भाजक सावधगिरीचा असला, तरी रसायनाचे पुढे काय होते हे तो सांगत नाही. टायरच्या रबरातील ६पीपीडी या रक्षक रसायनाची ओझोनशी अभिक्रिया होऊन बनणारे ६पीपीडी-क्विनोन हे संयुग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सॅमन माशांच्या सामूहिक मृत्यूंना कारणीभूत असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. कोहोसाठी त्याचे एलसी५० लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहूनही कमी आहे, तर रस्त्यावरून वाहून आलेल्या ज्या पाण्यात कोहो मरतात, त्याच पाण्यात त्यांचे निकटचे आप्त असलेले चम सॅमन तगून राहतात.