छाटणीची तारीख आणि फवारणीची वही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेचं वर्ष दोन छाटण्यांवर उभं असतं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. या तारखा आधी ठरतात. मजुरांची टोळी, खतं, माल कधी निघेल, सगळं त्यांच्या हिशेबानं. पण फळछाटणी झाली की आभाळाकडे बघून चालावं लागतं. रात्री ढग दाटले, पानावर दव राहिलं, की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीनं पहाटेच फवारणी. ती कुठल्या वेळापत्रकात नसते. माल निर्यातीचा असेल तर वहीत मात्र लिहावीच लागते : तारीख, औषध, प्रमाण, कोणत्या रोगासाठी.

सॉफ्टवेअरच्या कामातही ठरलेलं आणि ऐनवेळचं असं एकत्र नांदतं. तिथं ही वही कोण ठेवतं, यावर माहितीप्रणालीचं ऑडिट, म्हणजे संगणकावरच्या कारभाराची तपासणी, अवलंबून असतं.

विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्यानं 1970 मध्ये मोठं सॉफ्टवेअर बनवण्याच्या पायऱ्या एका चित्रात मांडल्या. आधी गरजा, मग आराखडा, कोड, शेवटी चाचणी. त्याच लेखात त्यानं बजावलं होतं की असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे, कारण चूक कळते ती चाचणीत, म्हणजे फार उशिरा. लोकांनी चित्र घेतलं, इशारा सोडला. त्या पायऱ्यांना ‘वॉटरफॉल’ हे नाव पुढे चिकटलं. फेब्रुवारी 2001 मध्ये युटा राज्यात 17 जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला : भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. कागदपत्रांनाही मोल आहे, असं त्यांनी तिथंच म्हटलं होतं. ते वाक्यही बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

आज पुष्कळ ठिकाणी दोन्हींची सरमिसळ असते. करार, अंदाजपत्रक, मुदत पायऱ्यांप्रमाणे. आतलं काम दोन-दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये. मला ही सरमिसळ योग्यच वाटते. अडचण ऑडिटरची होते.

नाशिकमधली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. कर्जाचं सॉफ्टवेअर बनवून घेताना जूनमध्ये सह्या झाल्या : हप्ता चुकला की दुसऱ्या दिवसापासून दंडव्याज. तिसऱ्या स्प्रिंटमध्ये व्यवस्थापक म्हणाले, तीन दिवसांची सवलत द्या. दिली. टीमच्या कामांच्या फळ्यावर या बदलाचं कार्ड ‘झालं’च्या रकान्यात गेलं आणि पुढच्या स्प्रिंटला फळा पुसला गेला. वर्षानं ऑडिटर येतो तेव्हा सहीचा कागद एक सांगतो, यंत्र दुसरं. हा रीतसर निर्णय होता की कुणी परस्पर केलेला बदल? मागं काहीच उरलं नसेल तर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. चांगलाच नियम आहे. त्यातून आकडा कुणी बदलला ते कळतं. पण आकडा काढण्याचं सूत्रच बदललं, तर तो माग कोडच्या इतिहासात शोधावा लागतो.

हा इतिहास ठेवण्यासाठी बहुतेक जण 2005 मध्ये आलेलं ‘गिट’ वापरतात. त्यातला प्रत्येक बदल साठवताना गणितानं त्याचा एक ठसा काढला जातो आणि त्यात आधीच्या बदलाचा ठसाही मिसळलेला असतो. त्यामुळे मधलं एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचे सगळे ठसे बदलतात. पण अधिकार असलेला माणूस अख्खी साखळी नव्यानं रचू शकतो. ते पकडायचं तर जुन्या ठशाची एक प्रत त्याच्या हाताबाहेर हवी. शिवाय बदलावरचं नाव ज्याचं त्यानं भरलेलं असतं. डिजिटल सही नसेल तर ते नाव म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरा प्रश्न माणसांचा. कोड लिहिणाऱ्यानंच तो चालू प्रणालीवर चढवू नये, हा ऑडिटचा जुना दंडक. चौघांच्या टीममध्ये तो पाळणं जड जातं, तरी निदान दुसऱ्याची नजर हवीच. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासून पाहिलं नाही. त्या एका सर्व्हरवरचा जुना, निकामी समजलेला कोड जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत सुटलेल्या सौद्यांपायी 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

तपासणीची यादी जुनी पडते, हे नाशिकच्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला बागेत वापरतात त्या लिहोसिनमुळे. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होई, त्या यादीत ते नव्हतंच. दर दोन आठवड्यांनी बदलणाऱ्या प्रणालीला वर्षाकाठी एकदा ठरावीक यादी लावली, तर हेच होणार.

म्हणून ऑडिटरला पहिल्याच स्प्रिंटला बोलवावं, असं मला वाटतं. त्यानं कोड वाचायची गरज नाही. प्रत्येक बदलापुढं निर्णय कुणाचा आणि कशासाठी, ही एक ओळ लिहिली जाते आहे ना, एवढं त्यानं तेव्हाच पाहावं. फवारणीच्या वहीत ‘कोणत्या रोगासाठी’ हा रकाना असतोच.