आधी कॉम्प्युटरमधली नळी, मग खरी

ओळखीत कुणाची तरी पिशवी नाहीतर गाठ दुर्बिणीतून काढलेली असतेच, आणि आपला पहिला प्रश्न ठरलेला, टाके किती? पण डॉक्टरच्या बाजूने बघा ना. पोटावरच्या बारीक भोकांतून लांब दांड्याची हत्यारं आत, नजर समोरच्या स्क्रीनवर, आणि दांडा भोकापाशी टेकलेला असल्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक जातं डावीकडे, सीसॉसारखं. त्यात स्क्रीन सपाट, खोलीचा अंदाज येत नाही, त्यामुळे नवख्याचा चिमटा नुसता हवेतच उघडझाप करत राहतो.

हा हात बसवायचा कुठे? आजवर सीनियरसोबत ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे शेवटी कुणातरी बाईच्या पोटातच.

कॉम्प्युटरवर ऑपरेशनचा सराव करायचं लॅपसिम नावाचं स्वीडिश मशीन आहे. हातात तसेच दोन दांडे, स्क्रीनवर गर्भाशय आणि गर्भ अडकून फुगलेली गर्भनळी. नळी धरायची, करंट देऊन रक्तवाहिन्या बंद करायच्या, मग कापायचं. घाई केली की रक्त सुटतं, आणि किती गेलं, किती वेळ लागला, हत्यार किती भटकलं, सगळ्याचा हिशोब मशीन ठेवतं.

डेन्मार्कमध्ये 24 ज्युनियर गायनॅक डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने या मशीनवर ठरलेली लेव्हल येईपर्यंत सराव केला, दुसऱ्याचं नेहमीचं ट्रेनिंग. मग त्यातल्या 21 जणांनी सीनियरच्या देखरेखीखाली खऱ्या पेशंटची नळी काढली, आणि कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी व्हिडिओ बघून मार्क दिले. 2009 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: सराववाले 33, बाकीचे 23, वेळ 12 मिनिटं विरुद्ध 24. म्हणजे 20 ते 50 ऑपरेशनं केलेल्याच्या तोडीचा हात, आणि सराव साधारण फक्त सव्वासात तास!

मला यात तासांपेक्षा 'लेव्हल येईपर्यंत' हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कुणाला लवकर जमतं कुणाला उशिरा, घड्याळ लावून सगळ्यांना सारखंच बसवण्यात काय अर्थ.

अर्थात ही एकाच ऑपरेशनची परीक्षा होती, आणि बऱ्याच मशीनवर ओढताना हाताला खऱ्यासारखा ताण जाणवत नाही. किंमत परत लाखांत. म्हणून साधा डबाही चालतो, वर भोकं, आत कॅमेरा, आणि चिमट्याने द्राक्षाची साल काढत बसायचं, गर न फोडता.