एफडी मोडू का? वजनाच्या ऑपरेशनामागचं विज्ञान

"दादा, एफडी मोडू का?" मामेबहिणीचा फोन. मला वाटलं, मुलाच्या कॉलेजची फी असणार. पण तिला एफडी मोडायची होती ती स्वतःच्या पोटासाठी. कराडला शाळेत शिकवते. वय ४६, उंची १६० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, मधुमेह सहा वर्षांचा. तीन गोळ्या चालू आहेत, तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.६. पुण्यातल्या एका रुग्णालयाने दुर्बिणीतून स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं आणि ३ लाख ४० हजारांचं पॅकेज हातात ठेवलं. विमा कंपनीने दोन ओळींत नकार कळवला.

"कंपनी नाही म्हणते म्हणजे मला गरजच नाही, असंच ना?"

तसं नाही. आणि रुग्णालय हो म्हणतंय म्हणजे गरज आहे, असंही नाही. खर्च कोण करणार आणि शरीराला काय हवंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे ते एकमेकांत फार गुंतलेत. त्या गुंत्याचं मूळ एका आकड्यात आहे, तो आकडा म्हणजे बीएमआय.

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, एवढंच हे गणित. १९ व्या शतकात बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने ते मांडलं, तेही लोकसंख्येची सरासरी काढायला. एकेका माणसाचं आरोग्य मोजणं हा त्याचा हेतूच नव्हता. बहिणीचा बीएमआय येतो ३२. आता विम्याकडे पाहू. पूर्वी बहुतेक पॉलिसी लठ्ठपणाच्या ऑपरेशनाला सरसकट वगळत. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनंतर दार किलकिलं झालं, पण अटी कडक आहेत. बीएमआय ४० किंवा जास्त हवा. किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी. दुखरे गुडघे, पीसीओएस, फॅटी लिव्हर या यादीत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीला ३५ म्हणजे ८९.६ किलो. "म्हणजे अजून साडेसात किलो वाढवलं तर तुझा क्लेम विचारात घेतील," मी म्हटलं. "दिवाळीत होऊन जाईल," ती म्हणाली.

विनोद सोडला तर गोष्ट गंभीर आहे. ३५ आणि ४० या मर्यादा १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने ठरवल्या, तिथली शरीरं समोर ठेवून. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्या खाली आणल्या: सर्वसाधारणपणे ३५ च्या पुढे सोबत आजार असो वा नसो, मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर ३० पासून विचार, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढे. २७.५ म्हणजे आमच्या बहिणीच्या उंचीला ७०.४ किलो. डॉक्टरांच्या हिशेबात ती साडेअकरा किलोंनी आत, विम्याच्या हिशेबात साडेसात किलोंनी बाहेर. स्वखर्चाने ऑपरेशन करायचा विचार करणारे किती तरी लोक नेमके या फटीत उभे आहेत.

आशियाई लोकांना वेगळा आकडा का, याचं सगळ्यात सुंदर उत्तर पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही शास्त्रज्ञ, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त आणि ती पोटात, यकृताभोवती साठणारी. त्यामुळे मधुमेह इथे कमी वजनावर गाठतो. पॉलिसीच्या कागदाला हे अजून कळलेलं नाही.

बरं, ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्टेपल करून कापून काढतात. उरते केळ्यासारखी एक नळी. बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी वेगळी करून थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा पहिला तुकडा टाळून जातं. बायपास तसा जुनाच, १९६६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी सुरू केलेला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन परत चढत नाही, या निरीक्षणातून तो जन्मला.

पोट लहान झालं म्हणून कमी खाल्लं जातं, ही समजूत अर्धीच खरी आहे. तसं असतं तर रुग्ण भुकेने कासावीस झाला असता. उपास करून वजन उतरवलेल्या माणसाचं तेच होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्यांच्या शरीरात वर्षभरानंतरही भूक वाढवणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, चढीच होती. शरीर जुनं वजन विसरत नाही, वसुलीला येतं. 'मनावर ताबा नाही' असं जे आपण सहज म्हणून टाकतो, त्यात ही वसुली धरलेली नसते.

आता घ्रेलिनकडे या. हे भुकेचं संप्रेरक कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जठरातच शोधलं. त्याचा मोठा साठा जठराच्या वरच्या फुगीर भागात असतो आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग कापला जातो. २००२ मध्ये सिॲटलच्या डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांना आढळलं की आहाराने वजन घटवल्यावर घ्रेलिन वाढतं, पण बायपास झालेल्यांमध्ये ते फारच कमी होतं. शिवाय ऑपरेशननंतर अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि जीएलपी-१ हे तृप्तीचं, इन्सुलिनला जोर देणारं संप्रेरक जेवणानंतर उसळी घेतं. म्हणूनच काहींची साखर वजन घटण्याआधीच, आठवडाभरात उतरते. मात्र घ्रेलिनवर सगळं श्रेय ढकलू नये. जन्मतः घ्रेलिन नसलेल्या उंदरांचंही स्लीव्हनंतर वजन घटलं. उलट पित्ताम्लांचा संदेश ओळखणारा एक ग्राहक-रेणू नसलेल्या उंदरांवर स्लीव्हचा प्रभाव फारसा टिकला नाही. हे २०१४ चं काम. थोडक्यात, हे ऑपरेशन जेवढं प्लंबिंगचं, तेवढंच संदेशवहनाचं आहे.

बहिणीने मग जाहिरातीचा फोटो पाठवला: '७० टक्क्यांपर्यंत वजन कमी'. ८२ किलोंचे ७० टक्के गेले तर बाई २५ किलोंची उरेल! हे ७० टक्के असतात 'जादा' वजनाचे. बीएमआय २५ ला ठीक धरलं तर तिचं ठीक वजन ६४ किलो, जादा १८, त्याचे ७० टक्के म्हणजे साडेबारा किलो. आशियाई मापाने २३ ला ठीक धरलं तर जादा २३ किलो, म्हणजे ७० टक्के झाले १६. शरीर तेच, जाहिरात तीच, उत्तरं दोन. विचारावं ते एवढंच: एकूण वजनाच्या किती टक्के, आणि पाच वर्षांनी किती? स्लीव्हनंतर पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा जातो, बायपासने जरा जास्त. मग थोडं परत येतं, काहींचं बरंच येतं. आमरस, सरबत, आइस्क्रीम त्या नळीतून मजेत खाली उतरतात, हे स्लीव्ह झालेले लोकच हसत सांगतात.

मधुमेहाचं काय? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही आजारातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. त्याच अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं की ऑपरेशन झालेले लोक न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण ही माणसं आमच्या बहिणीपेक्षा खूपच जाड होती. तिच्या जवळचा अभ्यास क्लीव्हलंडचा आहे: १५० मधुमेही, बीएमआय २७ ते ४३. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा खाली असणारे बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ आणि फक्त औषधांवर ५. बाकीच्यांनाही फायदा झालाच, गोळ्या आणि इन्सुलिन घटलं. मधुमेह जितका नवा आणि इन्सुलिनची गरज जितकी कमी, तितकी आशा जास्त. सहा वर्षं म्हणजे वेळ अजून गेलेली नाही.

आता खिसा. ३ लाख ४० हजार ही ऑपरेशनची किंमत आहे, निर्णयाची नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं. ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. समजा महिन्याला १५०० रुपये धरले, तर वीस वर्षांचे ३ लाख ६० हजार झाले, म्हणजे दुसरं ऑपरेशनच! शाकाहारी माणसात बी१२ बऱ्याचदा मुळातच कमी असतं, त्यात हे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं वाटीभर जठरातून पोचवायची म्हणजे भात-भाकरी मागे सरते आणि मूग, पनीर, दही, अंडी आधी येतात. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होऊ शकतात. सतत उलट्या होत राहिल्या तर बी१ कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, तिथे एक दिवसही थांबू नये. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते आणि काहींना नव्याने व्यसन लागतं. लोंबणारी कातडी काढण्याचा खर्च निराळा, तो विम्यातही सहसा बसत नाही.

सराव असलेल्या केंद्रात मृत्यूचा धोका हजारात एखादा, पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनाइतपत. स्टेपलच्या रेषेतून गळती शंभरात एखाद्याला होते. आकडे छोटे आहेत, पण स्वतः पैसे भरणाऱ्याला गळती म्हणजे पुन्हा भरती, आयसीयू, आणि एका रात्रीत उडालेलं बजेट. पॅकेजमध्ये हे धरलंय का? न मंजूर झालेल्या ऑपरेशनाची गुंतागुंत पॉलिसी उचलेल का? दोन्ही उत्तरं लेखी घ्यावीत. विमा कंपनीवर आपण चिडतो, पण तिच्याकडे निदान एक 'थांबा' असतो. पैसे आपलेच असले की मध्ये कुणी आडवं येत नाही, हा स्वखर्चाचा खरा धोका मला वाटतो.

आणि इंजेक्शनं? मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं. मोठ्या चाचणीत सर्वाधिक डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटलं, म्हणजे ऑपरेशनच्या जवळपास. सुरुवातीच्या किमतीने महिन्याला १४ ते साडेसतरा हजार; दोन वर्षांत ऑपरेशनाएवढे पैसे जातात आणि इंजेक्शन चालूच राहतं. सेमाग्लुटाइड हे असंच दुसरं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. पण त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, त्यामुळे हे गणित बदलतं आहे. जठर कापण्याआधी सहा महिने इंजेक्शन घेऊन पाहणं मला तरी मूर्खपणाचं वाटत नाही. कापलेलं जठर परत जोडता येत नाही.

बहिणीला मी एवढंच म्हटलं की पैसे भरण्याआधी एंडोस्कोपी करून घे. तिने केली. अन्ननलिकेचं खालचं टोक ॲसिडने भाजलेलं निघालं. स्लीव्हनंतर जठरातला दाब वाढतो आणि अशी जळजळ बळावते. डॉक्टरांनी आता बायपासची गोष्ट काढली आहे. पॅकेज ४० हजारांनी वर गेलं. आयसीयूचं काय, हे तिने विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "विचारून फोन करतो, मॅडम" म्हटलं. तो फोन अजून आलेला नाही. एफडी फेब्रुवारीत पिकते आहे. तोवर मुगाच्या एका धिरड्यात किती ग्रॅम प्रथिनं, याचा हिशेब ती शाळेच्या वहीत मांडते आहे.